आधी बूस्ट मोजा, मग टर्बोला नावं ठेवा

"गाडी ओढत नाही, टर्बो गेला वाटतं." वाईला आमच्या गॅरेजवर हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की आण्णा, म्हणजे माझे वडील, हल्ली मान वर न करताच विचारतात, "कुणी सांगितलं?" बहुतेकदा उत्तर असतं, मित्रानं. मित्रानं बॉनेट उघडून, न्यूट्रलला रेस देऊन, शिट्टी ऐकून निदान केलेलं असतं. आण्णांची उमर इंजिनाचे डिझेल पंप दुरुस्त करण्यात गेली, ते कानानं गाडी ओळखतात. स्कॅनर माझ्याकडे असतो. दोघांचं एकमत झालं की मगच पाना हातात घ्यायचा, असा आमचा रिवाज आहे. आणि आलेल्या दहातल्या बऱ्याच गाड्यांचा टर्बो ठणठणीत निघतो.

थार, गुरखा, स्कॉर्पिओ किंवा तसलीच फोर-बाय-फोर घेऊन जे सुट्टीला डोंगरात जातात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बूस्ट कधी यायला हवा, कधी नाही आला तरी चालतो आणि तो कसा बघायचा, एवढं कळलं तरी टर्बोवरचा नाहक खर्च वाचतो.

इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर टर्बोच्या एका बाजूचा पंखा फिरवतो. त्याच शाफ्टवर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो एअर फिल्टरमधून हवा ओढून दाबून इंजिनात कोंबतो. बाहेरच्या हवेपेक्षा हा दाब जितका जास्त, तितका बूस्ट. शाफ्ट मिनिटाला लाख-दीड लाख फेरे सहज घेतो आणि हे सगळं तेलाच्या पातळ थरावर तरंगत चालतं. दाबलेली हवा तापते, सायकलचा पंप मारताना तो हाताला गरम लागतो तशी. म्हणून मध्ये इंटरकूलर असतो. थंड हवा त्याच जागेत जास्त मावते. इंटरकूलरच्या जाळीत वाळलेला चिखल भरला असेल तर स्कॅनरवर दाब बरोबर दिसतो आणि गाडी तरीही मरगळलेली चालते. हे पहिलं तपासा, फुकटात होतं. पाणी मारताना प्रेशर वॉशरचं नोझल लांब धरा, जवळून मारलं की जाळीची पानं वाकतात.

आता मुख्य मुद्दा. टर्बो धुरावर चालतो, धूर डिझेल जळण्यावर अवलंबून आणि डिझेल किती जाळायचं हे इंजिनावर किती ओझं आहे यावर ठरतं. न्यूट्रलला तुम्ही ३००० आरपीएमला रेस दिलीत तरी चाकावर ओझं नाही, म्हणून डिझेल थोडंच जळतं आणि बूस्टही नाममात्र येतो. तीच गाडी पसरणी घाटात तिसऱ्या गिअरला २००० आरपीएमवर पूर्ण पेडल दाबून चढवा, काटा वर पळेल. त्यामुळे गॅरेजच्या दारात उभं राहून बूस्ट बघायचा नाद सोडा. बूस्ट घाटातच दिसतो.

मोजायचं कसं? वेगळा गेज बसवायची गरज नाही. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायच्या सॉकेटमध्ये, लागणारा ब्लूटूथचा डोंगल आणि फोनवरचं एखादं अ‍ॅप पुरतं. अ‍ॅपमध्ये इनटेक मॅनिफोल्डचा दाब, म्हणजे मॅप, हा आकडा शोधा. तो किलोपास्कलमध्ये येतो. १०० किलोपास्कल म्हणजे १ बार, म्हणजे साडेचौदा पीएसआय.

इथे बहुतेकांची गफलत होते. मॅप सेन्सर एकूण दाब सांगतो, त्यात बाहेरच्या हवेचाही दाब धरलेला असतो. म्हणून इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली ऑन करा आणि आकडा लिहून घ्या. हा झाला तुमच्या गावच्या हवेचा दाब. समुद्रकिनारी तो १०१ च्या आसपास दिसेल, वाईत आम्हाला ९३ दिसतो, पाचगणीला ८७. पुढे गाडी चालवताना जो मॅप दिसेल त्यातून हा आकडा वजा केला की बूस्ट मिळतो. घाटात २१३ आला तर २१३ वजा ९३, म्हणजे १२०. म्हणजेच १.२ बार, साधारण साडेसतरा पीएसआय. काही अ‍ॅप ही वजाबाकी स्वतःच करतात, पण बाहेरचा दाब कायम १०१ धरून. त्यांच्यावर विसंबलात तर पाचगणीत बूस्ट १४ नं कमी दिसेल आणि तुम्ही उगाच घाबराल.

किल्ली ऑन केल्यावरच आकडा भलताच आला, समजा वाईत ७० किंवा १२०, तर सेन्सरच चुकतोय किंवा काजळीनं माखलाय. अशा वेळी टर्बोकडे वळायचं कारणच नाही. सेन्सर काढून त्याच्यासाठीच्या स्प्रेनं धुवा. आत काडी घालून खरवडू नका.

डिझेल गाडी आयडलला असताना मॅप बाहेरच्या दाबाच्या जवळपासच राहतो. पेट्रोल टर्बोची गोष्ट वेगळी. तिथे थ्रॉटलची झडप बंद असते म्हणून आयडलला ३०-४० दिसतं आणि गेज लावला असेल तर काटा शून्याच्या खाली जातो. तो तसाच जायला हवा. पेट्रोल थार घेतलेला एक जण "बूस्ट मायनसमध्ये आहे" म्हणून साताऱ्याहून टो करून आला होता. आण्णांनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

आणखी एक बारकावा. सर्वसाधारण ओबीडीत मॅपच्या आकड्याला एकाच बाइटची जागा असते, त्यामुळे तो २५५ च्या पुढे जातच नाही. आकडा २५५ ला जाऊन चिकटला तर टर्बो तिथेच अडकला असं समजू नका, अ‍ॅपची पट्टी तिथे संपते. त्याच्या वरचं बघायला कंपनीचे आकडे वाचणारा स्कॅनर लागतो.

घाटातली चाचणी अशी करा. इंजिन पूर्ण तापलेलं हवं, रस्ता मोकळा हवा आणि फोनकडे बघायला शेजारी माणूस हवाच. तिसरा गिअर, १५०० आरपीएम, मग पेडल सलग खालपर्यंत दाबा आणि ३००० पर्यंत सोडू नका. शेजाऱ्यानं अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. घरी आल्यावर आलेख बघा. चांगल्या कॉमन रेल डिझेलमध्ये मॅप झपकन चढतो, २०० ते २४० च्या पट्ट्यात कुठेतरी स्थिरावतो आणि तिथे सपाट राहतो. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो, म्हणून गाडी धडधाकट असताना एकदा हा आलेख काढून ठेवा. पुढे कधी शंका आली तर तुलना तुमच्याच गाडीशी होईल, इंटरनेटवरच्या कुणाच्या तरी गाडीशी नाही.

आलेख सावकाश चढून खालीच राहिला तर गळती किंवा टर्बोच्या आतली अडकलेली पाती, यांतलं काहीतरी आहे. चढून टोकाला गेला आणि मग गाडीनं एकदम जीव टाकला, चेक लाइट लागला, तर ओव्हरबूस्ट झालाय आणि इसीयूनं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरनं, इंजिन वाचवायला ताकद कापलीय. कोड वाचला तर कमी बूस्टला पी०२९९ आणि जास्तीला पी०२३४ येतो. कोड आला म्हणजे टर्बो बाद, असं मात्र नाही. दाब हवा तेवढा नव्हता किंवा प्रमाणाबाहेर गेला, इतकंच तो सांगतो. कारण तुम्हालाच शोधायचंय.

गळती शोधताना आधी बाजू ठरवा. फिल्टर ते टर्बो ही ओढीची बाजू, टर्बो ते इंटरकूलर ते इंजिन ही दाबाची बाजू. दाबाच्या बाजूचा पाइप फाटला की हवा बाहेर जाते. फुसफुस ऐकू येते, काळा धूर येतो, ओढ जाते. त्रास लगेच कळतो म्हणून हा बरा आजार. ओढीच्या बाजूला फट असेल तर गाडी छान चालते, बूस्टही बरोबर येतो. पण फिल्टरला वळसा घालून धूळ थेट पंख्यावर जाते. आमच्याकडे अशा एका टर्बोचा पंखा काढला होता. पात्यांच्या धारा सँडपेपरनं घासल्यासारख्या गोल झालेल्या आणि टोकं ब्लेडइतकी पातळ, बोटाला लागतील अशी. मालकाची तक्रार टर्बोची नव्हतीच, तो ऑइल बदलायला आला होता. फिल्टरच्या डब्याची एक क्लिप बसलेली नव्हती, एवढंच. डोंगरातून आल्यावर फिल्टरच्या पुढचा पाइप काढून आत पांढरं फडकं फिरवा. फडक्याला माती लागली तर फट आहेच.

दाबाच्या बाजूला मात्र फडक्याला थोडं तेल लागेल, त्याला घाबरू नका. इंजिनाचा श्वास त्याच वाटेनं परत येतो, त्यातून तेलाचा ओलावा येतो. पाइपात तेलाचं थारोळं साचलं असेल तर गोष्ट वेगळी.

फाटका पाइप दिसतोच असं नाही. दाब नसताना चीर मिटलेली असते. एका गाडीचा इंटरकूलरचा पाइप आम्ही दोनदा हात फिरवून चांगला ठरवला होता, तरी मॅप १६० च्या पुढे जाईना. मग फिल्टरकडचं तोंड पीव्हीसीच्या टोपीनं बंद करून त्यातून हवा भरली आणि साबणाचं पाणी मारलं. बॅटरीच्या ट्रेला जिथे पाइप खालून घासत होता, तिथे बोटभर लांबीची चीर ओठासारखी उघडली आणि फेस फुगायला लागला. दाब सोडल्यावर परत मिटली. ही चाचणी घरी करणार असाल तर हवा १ बारच्या आतच ठेवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरमधली हवा थेट सोडलीत तर टोपी बंदुकीच्या गोळीसारखी निघते आणि इंजिनाची सीलंही जातात. आणि चालू इंजिनात पाइप चाचपायला हात घालू नका. आण्णा घालतात. त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीकडे बघूनच मी ती सवय लावून घेतली नाही.

पाइप ठीक असतील तर पुढे अ‍ॅक्च्युएटर. हल्लीच्या बहुतेक डिझेलमध्ये टर्बोच्या आत फिरती पाती असतात, ती धुराची वाट कमी-जास्त करतात. पाती ओढणारी दांडी बऱ्याच गाड्यांत व्हॅक्युमवर चालते. इंजिन चालू करताना कुणाला तरी दांडीकडे बघायला सांगा. चालू केल्यावर ती सरकली पाहिजे, बंद केल्यावर परत आली पाहिजे, न अडखळता. जागची हललीच नाही तर आधी व्हॅक्युमची बारीक रबरी नळी बघा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली बिऱ्हाड करतात आणि नेमकी तीच नळी कुरतडतात. काही रुपयांची नळी असते. दांडी अडखळत असेल तर पात्यांवर काजळी बसलीय. गावातल्या गावात हळू चालणाऱ्या गाड्यांना हा आजार हमखास होतो.

बीएस-६ गाड्यांचा, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या, आणखी एक प्रकार आहे. धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. दिवसभर फोर-लोमध्ये, म्हणजे फोर-बाय-फोरच्या हळू पण ताकदीच्या गिअरमध्ये, दगडांवरून सरपटत चाललात की तो भरत जातो, कारण काजळी जाळायला लागणारी उष्णताच तयार होत नाही. फिल्टर तुंबला की धुराला बाहेर पडायला जागा नाही, मग टर्बोही आळसावतो. ट्रेलवरून घरी येताना हायवेवर अर्धा-पाऊण तास एका वेगानं गाडी चालू द्या. फिल्टर साफ व्हायचा दिवा लागला असेल तर मध्ये इंजिन बंद करू नका.

टर्बोचा शाफ्ट हातानं हलवून "प्ले आहे, गेला" म्हणणारे पुष्कळ भेटतील. इंजिन बंद असताना बेअरिंगमध्ये तेलाचा दाब नसतो, त्यामुळे शाफ्ट आडवा किंचित हलणारच. पंखा भिंतीला घासतोय का आणि शाफ्ट पुढे-मागे हलतोय का, हे बघायचं. पुढे-मागे हाताला जाणवेल इतका हलला तर मात्र काम निघालं. आणि टर्बो खरंच गेला असेल तर तेलाची नळी बदलल्याशिवाय नवा बसवू देऊ नका. तेल न मिळाल्यानं जुना गेला असेल तर नवाही त्याच वाटेनं जाईल, तोही आठवड्याभरात.

आता ट्रेलवरचं. थारच्या २.२ लिटर डिझेलचा ३०० न्यूटन मीटर टॉर्क १६०० ते २८०० आरपीएममध्ये मिळतो, असं कंपनी सांगते. लोक हे वाचतात आणि दगडांच्या चढावरही १६०० च्या वर राहायला बघतात. गरज नाही. फोर-लो लावल्यावर गिअरच ताकद साधारण अडीचपट करतो. पहिल्या गिअरला हजार-अकराशे आरपीएमवर गाडी चढत असेल आणि बूस्ट शून्य असेल तर सगळं अगदी जसं हवं तसं चाललंय. उलट मध्येच पेडल हाणलंत की आधी काहीच होत नाही, कारण टर्बोला वेग घ्यायला क्षण-दोन क्षण लागतात. तुम्ही आणखी दाबता. मग सगळा बूस्ट एकदम येतो, चाक हवेत फिरतं आणि तेच चाक फिरता फिरता दगडावर पकडलं की अ‍ॅक्सलचा शाफ्ट कट्कन तुटतो. टर्बोला शिव्या बसतात, पण घाई पायाची असते. पेडल एका जागी धरा, चाकाला हळूहळू चढू द्या.

वाळू आणि खोल चिखल यांचं गणित उलटं. तिथे ओझं सलग असतं, म्हणून बूस्ट सलग लागतो. आधीच गिअर ठरवा, आरपीएम २००० च्या वर ठेवून आत शिरा आणि मध्ये गिअर बदलू नका. क्लच दाबला की बूस्ट पडतो, तो परत भरेपर्यंत गाडी बसलेली असते.

ओढ्यात उतरण्याआधी चढावर गाडी पिळली असेल तर जरा थांबा. लालबुंद टर्बोवर गार पाणी पडणं बरं नाही. मोठ्या चढानंतर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर आयडलला ठेवण्याचं कारणही असंच आहे. शाफ्ट अजून फिरत असतो आणि तुम्ही त्याचं तेल तोडता, उरलेलं तेल तिथेच करपतं.

लडाखहून आलेल्यांची तक्रार वेगळी: "वर गाडी मेली होती, बूस्ट मात्र बरोबर दाखवत होती." दोन्ही खरं असतं. वाईत बाहेरचा दाब ९३, त्यावर ११० बूस्ट, एकूण २०३. खारदुंग ला साधारण ५३५० मीटरवर, तिथे बाहेरचा दाब ५२ च्या आसपास. त्यावर तोच ११० बूस्ट धरला तरी एकूण १६२. काटा तोच, हवा पाचव्या हिश्शानं कमी. मग टर्बोनं जास्त दाबावं, असं वाटेल. वाईतलं २०३ गाठायला टर्बो हवा सव्वादोन पटीच्या आत दाबतो, तिकडे जवळपास चौपट दाबावी लागेल. एवढं करायला शाफ्ट त्याच्या मर्यादेबाहेर फिरवावा लागेल, म्हणून इसीयू आधीच हात आखडता घेतो. तरीही टर्बो आहे म्हणून निभतं. उंचीवर इंजिनाचा दम जातो, हे पाहूनच १९१८ साली सॅनफर्ड मॉस यांनी अमेरिकेत पाइक्स पीक या चार हजार मीटरच्या वरच्या शिखरावर विमानाचं इंजिन नेऊन टर्बो लावून चालवून दाखवलं होतं. म्हणजे टर्बोनं आपली परीक्षा डोंगरावरच दिलेली आहे.

त्या उंचीवर खरा त्रास गाडी जागेवरून हलवताना होतो. बूस्ट यायच्या आधी इंजिनाला जेमतेम अर्धी हवा असते, मग लोक हाफ क्लचवर रेस देत राहतात आणि क्लच जाळून येतात. रस्ता मातीचा असेल तर वळणाच्या चढावर सरळ फोर-लो लावा. कोरड्या डांबरावर लावू नका, पार्ट-टाइम फोर-बाय-फोरमध्ये पुढची-मागची चाकं एकत्र बांधलेली असतात, ती तिथे आवळतात.

राहता राहिला बूस्ट वाढवायचा विषय. रीमॅपविषयी, म्हणजे इसीयूची सेटिंग बदलून ताकद वाढवण्याविषयी, विचारायला येणाऱ्यांना मी आधी टायर विचारते. थारचा मूळ २५५/६५ आर १८ टायर ३१ इंच उंचीचा. त्याजागी ३३ इंची घातले की त्याच वेगाला इंजिन साधारण सहा टक्के कमी फिरतं, जिथे २००० होते तिथे १८८० उरतात. चढावर तेवढ्यानंच गाडी बूस्टच्या पट्ट्यातून खाली घसरते आणि मालक म्हणतो, पिकअप गेला. एक गिअर खाली टाकला की पिकअप परत येतो. तरी रीमॅप करायचाच असेल तर आधीचा घाटातला आलेख घेऊन या, इंटरकूलर धुऊन या आणि क्लचप्लेटचे पैसे बाजूला काढून ठेवा. सेन्सरच्या वायरीत डबी जोडून इसीयूला खोटा आकडा सांगणारी स्वस्तातली वस्तू आमच्याकडे घेऊन येऊ नका, आण्णा ती काढून भंगारच्या डब्यात टाकतात आणि वर मजुरी लावतात.